उथळ, दगडगोट्यांचं कुरण आणि खालचा जखडलेला थर: गवत दर हंगामात का करपतं?

तक्रार जवळजवळ प्रत्येक वेळी सारखीच असते. पहिल्या चांगल्या पावसावर बी उगवतं, रान हिरवं दिसायला लागतं आणि पावसाने आठ-दहा दिवस ओढ दिली की रोपं करपतात. पुढच्या हंगामात पुन्हा बी, पुन्हा तेच. खड्डा घ्यायला जावं तर हातभर खोलीवर पहार ठण्ण वाजते आणि पुढे सरकत नाही. माती परीक्षणाचा अहवाल मात्र ठीकठाक असतो. मग बी बदलून होतं, खत टाकून होतं, कोणी जिप्सम (जमीन सुधारायला वापरतात ते कॅल्शियमचं खनिज) सुचवतं आणि शेवटी ‘थरच फोडून टाकू’ इथवर गोष्ट येते.

थर फोडण्याचा विचार बहुतेक कुरणांवर सोडून द्यावा लागतो, हे आधीच सांगून टाकतो. पण तो कुठे सोडायचा आणि कुठे नाही हे अंदाजाने ठरत नाही. थर कशाने जखडला आहे, किती जाड आहे आणि कुठे कुठे तडकला आहे, एवढं तरी माहीत हवं. त्यासाठी पहार, कुदळ, बादली आणि थोडं आम्ल पुरतं.

पहार दगडावर अडली की थरावर?

गोटाळ जमिनीत पहार अडणं यात विशेष काही नाही. म्हणून एका जागेवरून निष्कर्ष काढू नये. अडली तर वीतभर बाजूला सरकून पुन्हा मारावी. सुटा दगड असेल तर बाजूला पहार खाली जाते. थर असेल तर आठ-दहा ठिकाणी मारूनही ती साधारण एकाच खोलीवर थांबते. उतारावर एक सरळ रेषा धरून ठराविक अंतरावर अशी खोली मोजत गेलं आणि कागदावर मांडली, की कुरणाचा खरा नकाशा तयार होतो. एकाच रानात एका जागी १५ सेंटीमीटर आणि थोडं पुढे ६० सेंटीमीटर, असा फरक सर्रास सापडतो. पुढची सगळी कामं या आकड्यांवर ठरतात, म्हणून इथे घाई नको. जमिनीच्या वर्गीकरणात ५० सेंटीमीटरच्या आत मुळांना अडवणारा थर लागला की जमीन उथळ धरतात. २५ च्या आत लागला तर अतिउथळ.

मग एक खड्डा नीट घ्यावा, भिंत साफ करावी आणि मुळं बघावीत. खाली जाणारी मुळं थरापाशी येऊन आडवी वळलेली, चपटी होऊन जाळीसारखी पसरलेली दिसली, तर अडथळा खरा आहे. गोटे उपटून त्यांची खालची बाजूही बघावी. चुना जमणाऱ्या जमिनीत गोट्यांच्या पोटाला पांढरा लेप असतो, कारण पाणी झिरपून गोट्याखाली अडकतं, सुकतं आणि विरघळलेला चुना तिथेच सोडून जातं. हा लेप गोट्याच्या वरच्या बाजूला दिसला तर तो गोटा कधीतरी उलटलेला आहे: नांगराने, बिळं करणाऱ्या प्राण्यांनी किंवा धुपीने. पृष्ठभागावर लेप लागलेले गोटे आणि थराच्या खपल्या विखुरल्या असतील तर ते गंभीरपणे घ्यावं. बहुधा वरची माती बरीच वाहून गेलेली असते.

थर जखडलाय कशाने?

कठीण लागलेली प्रत्येक गोष्ट सिमेंट झालेली नसते. थराचा मुठीएवढा तुकडा काढून पूर्ण वाळू द्यावा आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. सकाळी तो विरघळून गाळ झाला असेल तर तो जखडलेला नव्हताच, फक्त दाबला गेला होता. यंत्रांच्या किंवा जनावरांच्या वजनाने, किंवा वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगरल्याने असा घट्ट पट्टा तयार होतो. त्यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. या लेखाचा विषय तो नव्हे.

तुकडा तसाच टणक राहिला तर आम्ल घ्यावं. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकल्यावर जोरात फसफसलं तर चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आहे. (आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच.) नुसतं व्हिनेगर असेल तर तुकड्याची पूड करून त्यावर टाकावं, फसफस मंद पण दिसण्याइतकी होते.

इथे बरेच जण थांबतात, आणि निदान इथेच चुकतं. फसफसलं याचा अर्थ चुना आहे एवढाच. थराला बांधून ठेवणारा पदार्थ चुनाच आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून आणखी एक तुकडा आम्लात बुडवून ठेवायचा आणि फसफस थांबली की आम्ल बदलायचं. चुना निघून गेल्यावर तुकडा ढासळून नुसती वाळू आणि गाळ उरला, तर बांधणारा चुनाच होता. फसफस पूर्ण थांबूनही तुकडा टणक राहिला तर बांधणी सिलिकाची आहे. असा थर पाण्याला दाद देत नाही आणि आम्लालाही देत नाही. प्रयोगशाळेत तो गरम, तीव्र अल्कलीत सुटतो. तो प्रयोग घरी करू नये.

फसफसत नाही, नखाने ओरखडा उठतो आणि चकाकणारे स्फटिक दिसतात, तर जिप्सम असण्याची शक्यता मोठी. तांबूस-तपकिरी, जड, अजिबात न फसफसणारा थर असेल तर लोह. राहिला चुनखडकाचा घोटाळा: मूळ चुनखडकही तितकाच फसफसतो. फरक पोटात बघावा. जमिनीत तयार झालेल्या थरात निरनिराळ्या जातींचे खडे-गोटे चुन्यात रुतलेले असतात, त्याच्या डोक्यावर बऱ्याचदा गुळगुळीत, पापुद्र्यांचा पातळ पट्टा असतो आणि खाली जावं तसा तो मऊ होत जातो. मूळ खडक खाली जाऊन मऊ होत नाही.

हे पापुद्रे थराच्या वयाबद्दलही सांगतात. १९६६ साली गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन या मृदाशास्त्रज्ञांनी कोरड्या प्रदेशातल्या जमिनींत चुना कसा साठत जातो याचे चार टप्पे मांडले. आधी गोट्यांवर तुटक लेप, मग सलग लेप, मग गोट्यांमधल्या सगळ्या पोकळ्या बुजणं, आणि पोकळ्या बुजल्यावर पाणी वरच अडून त्याच्या डोक्यावर पापुद्रे चढणं. पाऊस कमी असल्याने पाणी चुना घेऊन थोडंच खाली उतरतं, मुळं आणि ऊन ते पाणी ओढून घेतात, चुना मात्र राहतो. या कामाला हजारो वर्षं लागतात. गोटाळ जमिनीत ते बारीक मातीपेक्षा लवकर उरकतं, कारण गोट्यांनी जागा आधीच व्यापलेली असते आणि बुजवायला पोकळी कमी उरते. उथळपणा, गोटे आणि जखडलेला थर ही तीन लक्षणं इतक्या वेळा एकत्र सापडतात ती यामुळेही.

अहवाल चांगला, मग गवत कुठे गेलं?

माती परीक्षणाला दिलेला नमुना प्रयोगशाळेत २ मिलीमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि वर राहिलेलं टाकून देतात. अहवाल येतो तो फक्त चाळणीखालच्या बारीक मातीचा. सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश हे सगळे आकडे त्या बारीक मातीपुरते बरोबर असतात. पण जमिनीच्या आकारमानात निम्मे गोटे असतील तर प्रत्यक्षात माती निम्मीच आहे, आणि ती खाली ४० सेंटीमीटरवर संपते. अहवालाच्या कागदावर यातलं काहीच दिसत नाही.

गोट्यांचं प्रमाण नजरेने ठरवू नये. नजर कधी जास्त सांगते, कधी कमी. साधारण ३० बाय ३० सेंटीमीटरचा खड्डा थरापर्यंत घ्यावा आणि निघालेलं सगळं चाळावं. खड्ड्यात प्लॅस्टिक अंथरून मोजून पाणी भरलं की खड्ड्याचं आकारमान कळतं. गोटाळ जमिनीत चौकोनी खड्डा कधीच निघत नाही, त्यामुळे लांबी-रुंदीचा गुणाकार उपयोगाचा नाही. मग धुतलेले गोटे काठोकाठ भरलेल्या बादलीत सोडून सांडलेलं पाणी मोजायचं. खड्डा ३६ लिटरचा आणि सांडलेलं पाणी १८ लिटर, तर गोटे निम्मे.

आता पाण्याचा हिशेब. मध्यम पोताची गोटे नसलेली माती १० सेंटीमीटर खोलीत पिकाला मिळेल असं साधारण १५ मिलीमीटर पाणी धरते. ४० सेंटीमीटरला ६० मिलीमीटर. निम्मे गोटे वजा केले की ३०. कडक उन्हात पूर्ण झाकलेल्या रानातून दिवसाला ५ ते ६ मिलीमीटर पाणी सहज उडतं. म्हणजे काठोकाठ भरलेली जमीन सहा दिवसांत रिकामी. जुनी रोपं पाणी जपून वापरतात, म्हणून थोडे दिवस जास्त निघतात. नुकतं उगवलेलं रोप मात्र वरच्या १० सेंटीमीटरवर जगत असतं. त्याच्या वाट्याला सात-आठ मिलीमीटर येतं, आणि त्यातलंही बरंचसं ऊनच पिऊन टाकतं. बी नामी होतं की नाही हा प्रश्नच इथे येत नाही. सलग दुसरा-तिसरा पाऊस वेळेवर आला तर उगवण टिकते, नाहीतर नाही.

मग जुनी ठोंबं कशी टिकतात?

त्याच रानात वर्षानुवर्षं उभी असलेली गवताची ठोंबं आणि झुडपं असतात. थर जर कातळासारखा बंद असता तर तीही गेली असती.

चुन्याने जखडलेला थर हाताला दगड लागतो, पण आतून तो भाजलेल्या विटेसारखा सूक्ष्म छिद्रांचा असतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या जोर्नाडा प्रायोगिक कुरणावर अशा थरांची पाणी धरण्याची क्षमता मोजली गेली आणि २००७ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थर बरंच पाणी पितो आणि त्यातलं पुष्कळसं झाडांना वापरता येण्याजोगं असतं, असं त्यात आढळलं. मुळं थराच्या अंगात शिरत नाहीत. ती त्याच्या डोक्यावर पसरतात आणि भेगांतून खाली उतरतात, तिथून पाणी हळूहळू ओढतात. भेगा दूर दूर असल्या तरी एका मोठ्या ठोंबाला एक भेग पुरते. नव्या रोपाला तिथवर मूळ न्यायलाच वेळ मिळत नाही.

म्हणून जुनी ठोंबं कुठे आहेत ते आपल्या खोलीच्या नकाशावर मांडावं. ती ओळीने किंवा पुंजक्यांनी सापडली तर खाली भेगा किंवा खोल कप्पे असण्याची शक्यता दाट. पहार मारून खात्री करावी. पेरणी आणि झाडं लावणं याच जागांपासून सुरू करायचं. सगळ्या रानावर सारखं बी फेकणं म्हणजे त्यातलं बरंचसं बी थेट मरायला पाठवणं. बाकी काही करणं शक्य नसेल तरी एवढं करावंच, असं माझं मत आहे.

जे करू नये

जिप्सम. ते सोडियमने बिघडलेल्या जमिनीचं औषध आहे. चुन्याच्या थरात कॅल्शियम आधीच ओसंडून वाहतंय, त्यात आणखी कॅल्शियम घालून काही सुटत नाही. सामू (पीएच) ८.५ च्या वर गेला असेल तर सोडियमची तपासणी जरूर करावी. नुसत्या चुनखडीच्या जमिनीचा सामू सहसा ८.४ च्या पुढे जात नाही.

गंधक किंवा आम्ल घालून चुना विरघळवणं. हे ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणून हिशेब मांडून बघू. एका हेक्टरखाली २० सेंटीमीटर जाडीचा थर, घनता १.८ धरली, तर वजन भरतं ३,६०० टन. त्यात ६० टक्के चुना धरला तर २,१६० टन. १०० भाग चुन्याला ३२ भाग गंधक लागतं, म्हणजे जवळपास ६९० टन गंधक, तेही फक्त एका हेक्टरला. पुढे बोलायला नको.

रिपर (ट्रॅक्टरमागे ओढायचा खोल, दणकट फाळ) लावून थर फोडणं. हे काही ठिकाणी जमतं. थर १५-२० सेंटीमीटरपेक्षा पातळ हवा, त्याच्या खाली मऊ, मुळांना वाव देणारा माल हवा आणि काम थर पूर्ण कोरडा असताना व्हायला हवं, म्हणजे तो तडकतो. ओला असताना रिपर फक्त एक चीर पाडून जातो. यासाठी आधी एका जागी छिन्नी-घणाने थर आरपार फोडून जाडी आणि खालचा माल बघितलाच पाहिजे, ते न करता यंत्र बोलावू नये. जमेची बाजू एवढी की एकदा फुटलेला चुन्याचा थर माणसाच्या आयुष्यात पुन्हा जुळत नाही. पण जिथे बहुवर्षायू गवत अजून उभं आहे तिथे रिपर ते गवत उपटतो, चुन्याची ढेकळं वर आणतो आणि उघडी माती पुढच्या जोराच्या पावसाच्या स्वाधीन करतो. झाडांच्या ओळीपुरता, समपातळीत मारलेला रिपर मला पटतो. सबंध कुरण फोडून काढणं पटत नाही.

गोटे वेचून काढणं. रान स्वच्छ दिसावं म्हणून हे आवर्जून केलं जातं. पृष्ठभागावर सुटे पडलेले गोटे थेंबांचा मार झेलतात, पाण्याचा वेग मोडतात आणि खालची ओल लवकर उडू देत नाहीत. मातीच्या पापडीत घट्ट रुतून बसलेले गोटे मात्र पाणी मुरायला अडथळा करतात, त्यावर उपाय पापडी मोडण्याचा आहे. वेचायचेच असतील तर शेताबाहेर न नेता समपातळीत ओळीने रचावेत.

जे करता येतं

३० मिलीमीटरच्या साठ्यात सगळं गणित बसवायचं असेल तर पहिलं काम आहे ती माती न गमावणं. ४० पैकी ५ सेंटीमीटर माती वाहून गेली तर आठवा हिस्सा साठा गेला. वरच्या मातीत गोटे कमी आणि सेंद्रिय कर्ब जास्त असतो, म्हणून खरं नुकसान त्याहून मोठं असतं. खोल जमिनीत ५ सेंटीमीटर गेल्याचं कळतही नाही.

त्यामुळे चराईचा प्रश्न इथे बियाण्याच्या आधी येतो. वर्षाच्या वाढीतला निम्म्याहून कमीच भाग चरू द्यावा आणि बाकीचा उभा ठेवावा. पावसानंतर गवत जोर धरत असताना जनावरं बाहेर ठेवावीत, आणि जमीन चिखलट ओली असताना तर नक्कीच. पाण्याची आणि मिठाची जागा सर्वांत उथळ पट्ट्यापासून लांब हवी. कळप जिथे रेंगाळतो तिथली माती सर्वांत आधी जाते आणि गवत हटलं की तिथे भेगांतून मुळं खाली नेणारी काटेरी झुडपं घुसतात. ती आली की गवत परत आणणं फार अवघड.

पाणी अडवायच्या कामात एक गोष्ट सतत विसरली जाते: साठवायची जागाच लहान आहे. मोठ्या पाणलोटातलं पाणी एका खोल चरात आणून सोडलं तर चराचा तळ थराला टेकतो, पाणी उभं राहतं आणि उन्हात उडून जातं. वर खोदकामाचा चुनकट माल काठावर येतो तो वेगळाच. थरापर्यंत न जाणारे, उथळ, छोटे आणि पुष्कळ अडथळे जास्त कामाचे: गोट्यांच्या समपातळी ओळी, अर्धचंद्राकृती छोटे बांध, काटेरी फांद्यांचं आच्छादन. फांद्यांचा दुहेरी फायदा, सावलीही मिळते आणि जनावरांचं तोंडही लागत नाही. बी याच अडथळ्यांच्या वरच्या बाजूला, अगदी वरवर, बारीक बियाणं असेल तर एक सेंटीमीटरच्या आत टाकावं आणि सलग पावसाचा काळ बघून टाकावं. एकाच वेळी सगळं बी संपवू नये.

झाड लावायचं असेल तर खड्डा पाण्याने भरून एक दिवस ठेवावा. दुसऱ्या दिवशी पाणी जवळजवळ तेवढंच असेल तर खाली भेग नाही. अशा खड्ड्यात पावसाळ्यात मुळं कुजतात आणि नंतर त्याच खड्ड्यात ती सुकतात. थर आरपार फोडता येत असेल तर फोडावा, नाहीतर जागा बदलावी. खड्डा रुंद करून काही साधत नाही.

आणि पिवळेपणाबद्दल, कारण ही शंका हमखास येते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. स्फुरद आणि जस्ताचंही तसंच. वरून युरिया फेकला तर अशा सामूला त्यातलं बरंच नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. मोजक्या फळझाडांसाठी इडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (चुन्याच्या जमिनीतही मुळांना मिळत राहील असं बांधलेलं लोह) देता येतं. कुरणावर मात्र हे करत बसू नये. चुना सोसणाऱ्या, त्याच भागात आपोआप वाढणाऱ्या जाती निवडाव्यात. त्या ओळखायला जुन्या ठोंबांचा तोच नकाशा पुन्हा हाताशी घ्यावा, आणि बीही शक्य तितकं त्यांचंच गोळा करावं.